व्हीलचेअर दिली म्हणून माझ्या हातांचे प्रकरण निकाली निघत नाही

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्यातील दिव्यांग शिबिरात आपण माझ्या खांद्यावर हात ठेवून, हातांच्या उपचारांची सोय विदर्भातच करू, असा शब्द दिला होता. त्यासंबंधीच्या अर्जाला गेल्या आठवड्यात उत्तर आले: ‘अर्जदारास व्हीलचेअर देण्यात आली असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

कापसाने भरलेल्या गाडीवरून पडून माझ्या मानेतील मज्जारज्जूला इजा झाली. मनगट वर उचलता येते, पण बोटे मिटत नाहीत. ज्याची मूठ वळत नाही त्याने व्हीलचेअरचे चाक फिरवायचे कसे, हा प्रश्न सही करणाऱ्याला पडलाच नाही. मी तळव्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून घेऊन चाक रेटतो आणि अंगणातल्या मुरमात ते रुतले की म्हाताऱ्या आईला हाक मारतो. भाकरीचा घासही तीच भरवते. तिच्यामागे कोण भरवणार, या विचाराने रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

मी पाय मागितलेले नाहीत, मूठ मागितली आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे 1986 साली अशाच रुग्णाच्या शरीरात यंत्र बसवले गेले: छातीत त्वचेखाली विद्युत उद्दीपक (स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन हलवणारे उपकरण), तेथून हाताच्या स्नायूंपर्यंत तारा, आणि दुसऱ्या खांद्याच्या हालचालीवर मूठ मिटणे-उघडणे. 1997 मध्ये त्याला तेथील सरकारची मान्यता मिळाली, दोनशेहून अधिक लोकांना ते बसवले गेले, आणि 2001 मध्ये कंपनीने विक्री थांबवली. रुग्ण थोडे, नफा थोडा. म्हणूनच हे काम बाजारावर सोडता येत नाही, ते सरकारनेच अंगावर घ्यायला हवे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 28 पुनर्वसनाच्या संशोधनाची जबाबदारी सरकारवरच टाकते.

तोवर, चालू स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) बोटांकडे वळवून पकड देणारी शस्त्रक्रिया आहे, तिला कोणतेही यंत्र लागत नाही. तीसुद्धा आमच्या आवाक्यात का नसावी? वाटलेल्या वस्तू मोजायच्या आणि माणसाला काय करता येऊ लागले हे विचारायचेच नाही, ही सगळ्या व्यवस्थेची रीत झाली आहे. शिबिरे होतात, फोटो छापून येतात, फाइल बंद होते.

माझे प्रकरण पुन्हा उघडावे, विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हातांच्या शस्त्रक्रियेचे व विद्युत उद्दीपनाचे केंद्र कधी सुरू होणार ते तारखेसह लेखी कळवावे, आणि उत्तरावर आपली स्वतःची सही असावी.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी
(भाचीकडून लिहवून घेतले)