कचऱ्याचा हिशेब ग्रामसभेपुढेही मांडावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी भांडवलावर चालणाऱ्या पर्यावरणविषयक कंपन्यांबद्दल गोव्यात दोनच सुरांत बोलले जाते. नोकऱ्या घेऊन आल्या म्हणून त्यांचे स्वागत होते, नाहीतर जमिनीवर डोळा ठेवून आल्या असा संशय घेतला जातो. मी अशाच एका कंपनीचे पर्वरी येथील कार्यालय सांभाळतो. वस्तूंचे उत्पादन करणाऱ्यांवर कायद्याने आलेल्या जबाबदारीपोटी, त्यांच्या वतीने प्लास्टिक वेष्टनांचा कचरा गोळा करणे, त्याची वर्गवारी करून तो पुढे पाठवणे आणि त्याचा हिशेब ठेवणे, हे आमचे काम आहे. स्वागत आणि संशय या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा असा एक मुद्दा चर्चेत येत नाही, तो म्हणजे हा हिशेब कोणाकोणाला दिला जातो आणि कोणाला मुळीच दिला जात नाही.

कागदपत्रांची कमतरता आम्हाला नाही. परदेशी गुंतवणूकदाराला समभाग दिले की 30 दिवसांत त्याची माहिती रिझर्व्ह बँकेकडे नोंदवावी लागते. दरवर्षी 15 जुलैपर्यंत परकीय मालमत्ता आणि देणी यांचे वेगळे विवरणपत्र जाते. संचालकांपैकी किमान एक जण आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. आणि उत्पादकांच्या जबाबदारीची प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर चढतात. त्यातच मुख्य कार्यालयाचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि आपले एप्रिलमध्ये, त्यामुळे शेडमधल्या एकाच ढिगाचे आम्ही दोन हिशेब ठेवतो आणि दोन्ही इंग्रजीत ठेवतो.

हे आकडे दूरवरून वाचणाऱ्याला काय सांगतात, याचा एक अनुभव नमूद करतो. एका वर्षी जून आणि जुलै महिन्यांत आमच्या संकलनाचे वजन बरेच वाढलेले दिसले आणि युरोपातून अभिनंदनाचा ईमेल आला. वाढ प्लास्टिकची नव्हती, पावसाची होती. उघड्यावरून उचललेल्या पिशव्या आणि पुड्या ओल्या असतात, त्यांच्या घड्यांत पाणी साचते आणि वजनकाटा प्लास्टिक व पाणी यांत भेद करत नाही. माल वाळवून तोलावा यासाठी मी मोठ्या ताडपत्र्या मागितल्या. परंतु ती रक्कम माझ्या अधिकाराबाहेरची असल्याने कागद तीन विभागांतून फिरला आणि मंजुरी नवरात्रात मिळाली. दरम्यान चतुर्थीच्या आठवड्यात अर्धे कामगार घरी गेल्यामुळे संकलन घटले, तेव्हा मात्र ‘कामगिरीतील घसरणी’चा लेखी खुलासा मागण्यात आला. चतुर्थी म्हणजे काय हे मी त्या खुलाशात दोन परिच्छेदांत लिहिले. पुढल्या वर्षी तोच खुलासा तारीख बदलून पाठवला.

यात हसण्यासारखे बरेच असले तरी पुढचा प्रसंग मला अद्याप बोचतो. बार्देशातील ज्या गावात आमची वर्गीकरण शेड आहे, तेथील ग्रामसभेत एका वयस्क गृहस्थांनी मला विचारले, “हें प्लास्टिक वता खंय?” प्रश्न साधा होता आणि त्याचे निम्मे उत्तर माझ्याकडे होते. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांना भाव असतो, त्यामुळे त्या पुनर्वापरासाठी विकल्या जातात. त्यातल्याही कितीतरी आमच्या आधी भंगारअड्ड्यावर पोहोचलेल्या असतात. वेफर्सच्या पाकिटांचे आणि शाम्पूच्या पुड्यांचे तसे नाही. त्यांत निरनिराळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून त्यांच्या गासड्या बांधून त्या कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे जातात आणि तेथे भट्टीत कोळशाच्या जोडीने जाळल्या जातात. हे नियमबाह्य नाही. मात्र नियमांनुसार तो पुनर्वापर नसून अंतिम विल्हेवाट आहे, आणि ती वेगळी नोंदवली जाते. आमच्या आकर्षक वार्षिक अहवालात या दोन्हींची बेरीज एकाच हिरव्या वर्तुळात छापली होती. गृहस्थांना मी ती बेरीज सांगितली. “आमच्या गावचें कितलें?” असे त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा मला खाली बसावे लागले, कारण गावनिहाय आकडा संगणकात नव्हता. तो आमच्या मुकादमाच्या वहीत होता आणि ती वही पाहावी असे मला तोवर सुचले नव्हते.

त्यानंतर मी गावासाठी एक पानी तक्ता तयार केला: किती किलो उचलले, त्यातले ओले वजन अंदाजे किती, किती विकले, किती जाळण्यासाठी पाठवले, किती शेडमध्ये पडून आहे आणि हे काम करणाऱ्यांना, ज्यांत उत्तर कर्नाटकातून आलेल्या स्त्रियाच अधिक आहेत, दिवसाकाठी काय मिळाले. मुख्य कार्यालयाने तो बाहेर देण्यास नकार दिला. लेखापरीक्षकाने न तपासलेले आकडे प्रसिद्ध केले तर गुंतवणूकदारांची दिशाभूल होईल, असे कारण देण्यात आले. ही भीती सर्वस्वी निराधार नाही, हे मान्य करतो. परंतु तक्त्यावर ‘तपासणीपूर्व’ असा शिक्का मारून ती दूर होऊ शकते. शिवाय प्लास्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतच अशी तरतूद आहे की पुनर्वापर वा प्रक्रिया करणाऱ्याने 30 एप्रिलपर्यंत आपला वार्षिक अहवाल स्थानिक संस्थेला द्यावा. म्हणजे पंचायतीला हिशेब देण्याची कल्पना माझी नव्हे. आमच्यासारखे संकलक मधल्या दुव्यावर असल्याने त्या तरतुदीतून सहज निसटतात, इतकेच.

नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. शेडसाठी किंवा संकलनासाठी पंचायत ना हरकत दाखला देते वा करार करते, त्याच वेळी तिने एक अट घालावी: दर सहा महिन्यांनी गावापुरता हिशेब देवनागरी कोंकणीत किंवा मराठीत पंचायतीच्या फलकावर लावावा आणि त्याच्यावरील प्रश्नांना उत्तरे देण्यास कंपनीच्या स्थानिक व्यवस्थापकाने ग्रामसभेस हजर राहावे. देवस्थानाचा जमाखर्च महाजनांच्या सभेपुढे ठेवला जातो आणि समईच्या तेलावरूनही तेथे तासभर वाद रंगतो, हे आपण सारे पाहत आलो आहोत. त्या सभेला तोंड देणारा खजिनदार वही जशी नीट ठेवतो, तशी आम्ही ठेवत नाही. अशी अट आली तर माझ्यासारख्या व्यवस्थापकाचे काम वाढेल, पण मुख्य कार्यालयाला दाखवण्यासाठी त्याच्या हाती एक सही-शिक्क्याचा कागदही येईल, आणि त्या कागदाच्या आधारे ताडपत्री मे महिन्यातच मागता येईल.

माझे नाव छापू नये, ही विनंती. वृत्तपत्रांशी बोलण्याचा अधिकार आमच्या कंपनीत स्थानिक कार्यालयाला नाही. तो परदेशातील जनसंपर्क विभागाकडे आहे, आणि हे पत्र त्यांना वाचता येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पर्वरी