लोळलेला ऊस आमच्या वाट्याला: सहकारमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ऊसतोडणी यंत्रांचं अनुदान आणि बीड जिल्ह्यातले कोयते

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी धारूर तालुक्यातला. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालो, गावच्या फाट्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं लहानसं गॅरेज टाकलं. आईवडील ऊसतोडीला जातात. ‘जातात’ लिहू की ‘जायचे’ लिहू, इथं माझा हात अडखळला होता. ते शेवटी सांगतो. लहानपणी पाच हंगाम मीही कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या पालाच्या झोपड्यांत काढलेत. हजेरीपटावर नाव गावच्या शाळेत आणि मी दोनशे मैलांवर, धाकट्या बहिणीची झोळी हलवत.

गेल्या हंगामात आमच्या मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्या ठेकेदाराच्या ट्रॅक्टरचा क्लच गेला म्हणून त्यानं मला सांगली जिल्ह्यात बोलावून घेतलं. ट्रॅक्टर उभा होता तिथून दोन बांध पलीकडं आमचीच टोळी तोडत होती आणि मधल्या पाच एकरांत हार्वेस्टर चालला होता. मी आतापर्यंत हार्वेस्टर रस्त्यानं जाताना पाहिला होता, फडात नाही. मेकॅनिक माणूस मी, यंत्र बघून हरखलो हे कबूल करतो. सरी धरून जायचा, बुडातून ऊस घ्यायचा, पोटात त्याचे वीत-वीतभर तुकडे करायचा आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत ओतायचा. पाला मागच्या पंख्यातून उडायचा. जेवणाच्या सुट्टीत वडील तिथपर्यंत आले. त्यांनी सरीतलं एक कांडकं उचललं, कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, काही न बोलता टाकून दिलं. माय मात्र एकच बोलली, “ह्यात वाढं कुठंय रं?”

हा प्रश्न कुठल्याही अहवालात सापडणार नाही, म्हणून इथं मांडतो. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. टोळीतली बाई दिवसभर मोळ्या बांधून झाल्या की वाढ्याच्या पेंढ्या बांधते. काही आपल्या बैलांना घालते, उरलेल्या गावातल्या दूधवाल्यांना विकते. टोळीच्या हातात रोज पडणारा रोख पैसा तेवढाच. तोडीची मजुरी हातात येत नाही, ती हंगामाआधी आगाऊ घेतलेल्या पैशात, म्हणजे उचलीत वळती होत असते. मीठ-मिरची, पोराचं औषध, मोबाईलचं रिचार्ज सगळं वाढ्यावर चालतं. यंत्र शेंडा कापून रानात उधळून देतं. रानाच्या मालकाला त्याचं खत होत असेल; आमच्या मायचा बाजार बुडतो.

साहेब, यंत्र येऊ नये असं मी म्हणत नाही. ते का आलं हे मला आमच्या बाजूनंही माहीत आहे. टोळ्या मिळेनात. मुकादम दोन-दोन वाहनमालकांकडून उचल घेऊन गायब झाले, लाखोंना बुडालेले वाहनमालक मी माझ्या गॅरेजवर डोक्याला हात लावून बसलेले पाहिलेत. तुरा आलेला ऊस फडात उभा आणि तोडायला माणूस नाही, ही शेतकऱ्याची तडफडही खोटी नाही. म्हणून 2023 साली तुमच्या खात्यानं 900 तोडणी यंत्रांना अनुदान द्यायचं ठरवलं. किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यात जे कमी असेल ते. निर्णय झाला तेव्हा त्यात टन मोजले गेले. माणसं कुणी मोजली?

मी माझ्यापुरती मोजून पाहिली. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरा ऊस असेल तर एक कोयता पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत दोन टन तोडतो. एक यंत्र अडचण न येता चाललं तर दिवसाला शंभर टन सहज काढतं. म्हणजे एका यंत्रामागे पन्नास कोयते, शंभर माणसं. 900 यंत्रं पूर्ण ताकदीनं चालली तर 45,000 कोयते. हा माझा फाट्यावरचा हिशेब आहे, त्यात चूक असेल तर खात्यानं दुरुस्त करावी. पण खात्याकडं स्वतःचा हिशेब असेल तर तो मला कुठं वाचायला मिळालेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मजूर मिळत नव्हते म्हणूनच यंत्र आणलं, मग मजुराचं काम गेलं कसं? दोन्ही एकदम खरं आहे. माझ्या वर्गातली पोरं आज चाकण-रांजणगावात ठेकेदाराकडं आहेत, कुणी पुण्यात गाडी चालवतं, कुणी घरोघर पार्सल पोचवतं. त्यातला एकही कोयत्याला हात लावत नाही आणि लावूही नये. टोळ्या कमी पडल्या त्या यामुळं. फडात मागं उरलेत ते पंचेचाळीस-पन्नाशीचे लोक, कोरडवाहू दोन एकरवाले, मागच्या वर्षीची उचल न फिटलेले, एकट्या बाया. ज्यांना दुसरीकडं जाता येत होतं ते यंत्र यायच्या आधीच गेले. यंत्राची गाठ पडली आहे ती जाता न येणाऱ्यांशी.

आणि काम एका दिवसात जात नाही, ते आधी नासतं. यंत्राला सरळ उभा ऊस लागतो, रुंद सरी लागते, वळायला मोठं रान लागतं. असे फड आता यंत्राकडं जातात. टोळीकडं येतो तो वाऱ्यापावसानं लोळलेला ऊस, ओढ्याकाठचं चिखलाचं रान, दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे. लोळलेला ऊस आधी उलगडावा लागतो, एकेक टिपरू ओढून काढावं लागतं, हात सोलून निघतात. अशा फडात दोन टनांचा कोयता सव्वा टनावर येतो. जानेवारी 2024 मध्ये मजूर संघटनांशी झालेल्या करारात 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या घरात गेला. त्या करारानं खरंच आधार दिला, कुणी नाकारू नये. पण हिशेब करा: दोन टनाला 732 रुपये, सव्वा टनाला 457. तेही दोन माणसांचे, आणि बारा-चौदा तासांचे. दर वाढला आणि हातात कमी आलं, हे कसं, असं वडील मला विचारतात. त्यांचं शिक्षण दुसरी, पण शंका बरोबर आहे.

उचल मात्र सरळ उसाच्या हिशेबानंच घेतलेली असते. ती फिटत नाही. न फिटलेली उचल पुढच्या हंगामाला चिकटते, आणि पुढच्या हंगामात फड आणखी वाईट. त्यात हंगामच आखडला. 2024-25 ला राज्यातलं साखर उत्पादन आधीच्या वर्षीच्या 110 लाख टनांवरून 80 लाख टनांच्या आसपास आलं, बरेच कारखाने लवकर बंद झाले. शेतकऱ्याला निदान एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा कायदा आहे, 2025-26 ला सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये असा आकडा दिल्लीतून जाहीर तरी झाला. हंगाम दोन महिन्यांनी आखडला तर तोडणाऱ्याच्या उचलीचं काय करायचं, यावर एका ओळीचाही कागद नाही.

बायांचं मी फार लिहीत नाही, ते माझ्यापेक्षा त्यांनीच बोलावं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेला आकडा तुमच्या दप्तरी आहे: बीड जिल्ह्यात तपासलेल्या 82,309 बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. एक दिवस खाडा झाला की दंड, म्हणून पाळीच नको, इथपर्यंत गोष्ट गेली होती. त्या बाया आज चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत. लोळलेला ऊस उलगडायला त्याच वाकतात.

मग काय करायचं? माझ्या डोक्यात आहे ते सांगतो, पटेल ते घ्या.

पहिलं सगळ्यात सोपं. लोळलेल्या आणि तुकड्यातल्या उसाला तोडणीचा वेगळा दर ठरवा. सगळ्या उसाला एकच दर हे यंत्र नव्हतं तेव्हा चालून जायचं, कारण बरा-वाईट ऊस मिसळून वाट्याला यायचा. आता चांगला बाजूला काढून घेतला जातो, तर उरलेल्याची किंमत वेगळी धरायला नको का? करार पुन्हा बसून ठरेल तेव्हा टक्केवारीच्या आधी हे कलम घ्या.

दुसरं यंत्रावरच्या माणसांचं. मी पाहिलेल्या यंत्राचा चालक परराज्यातला होता. भला माणूस, त्याच्याशी माझं वैर नाही, उलट त्याच्याकडून मी तासभरात हायड्रॉलिकचं पुष्कळ शिकलो. पण एका यंत्रामागं दोन पाळ्यांचे चालक, मदतनीस, ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टरवाले असे सात-आठ लोक लागतात. सरकारी पैशातून आलेल्या यंत्रावर ही सात-आठ नावं कोयता सोडलेल्या घरांतून यावीत, अशी अट अनुदानाला घालायला काय हरकत होती? शंभराच्या जागी आठ, हे मला कळतं. म्हणून म्हणतो, निदान ते आठ तरी. केज-धारूर-वडवणीच्या आयटीआयत हार्वेस्टर दुरुस्तीचा चार-सहा महिन्यांचा कोर्स काढा. ब्लेड, बेअरिंग, होज पाइप रोजचं झिजतं. हंगामात एक यंत्र एक दिवस बंद म्हणजे शंभर टन अडकले. हे काम कोल्हापुरातच का व्हावं? पावसाळ्यात ही यंत्रं चार-पाच महिने नुसती उभी असतात, तेव्हा ती आमच्याकडं दुरुस्तीला यावीत. (यात माझा स्वार्थ आहे. लपवत नाही.)

तिसरं मालकीचं. योजनेत वैयक्तिक शेतकरी, उद्योजक, कारखाने, शेतकरी उत्पादक संस्था सगळे पात्र. तोडणाऱ्यांची टोळी पात्र नाही. स्वतःचा हिस्सा घालून वर बँकेचं कर्ज काढायचं, ते टोळीला जमणार नाही हे खरंच. पण ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्याला गाळलेल्या टनामागं कारखान्याचे 10 रुपये आणि तेवढेच सरकारचे, अशी तरतूद आहे. टनाला पैसा ज्यांच्या घामावर जमतो त्यांच्या दहा टोळ्यांनी मिळून एक यंत्र घ्यायचं म्हटलं तर त्यांचा हिस्सा या महामंडळानं भरावा. महामंडळ सामाजिक न्याय खात्याकडं, यंत्र तुमच्याकडं, उद्योग तिसरीकडं. फाईल कुणी कुणाकडं न्यायची हा तुमच्या माडीवरचा प्रश्न झाला.

राहिला आमचा जिल्हा. बीडमध्ये काही पिकत नाही म्हणून लोक बाहेर जातात, असं वरचेवर छापून येतं. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ आपोआप येतं, बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण फळ पिकतं ते दसरा-दिवाळीच्या तोंडावर, नेमकी टोळ्यांची गाडी भरायची वेळ. पिकलं की दोन दिवसांत काळं. माय दरवर्षी डोंगरातनं पाटी भरून आणते आणि मिळेल त्या भावानं रस्त्यावर विकते, कारण चार दिवसांनी निघायचं असतं. त्या महिन्यात तालुक्यात गर काढणारी आणि गोठवणारी चार केंद्रं चालली तर निदान काही घरं ‘यंदा नाही येत’ असं मुकादमाला म्हणू शकतील. तुतीचं तेच. बीडचा शेतकरी रेशीम कोष चांगला काढतो, वर्षानुवर्षं तो गाडीभाडं भरून कर्नाटकात रामनगरला न्यायचा, आता बीडलाही कोषाची खरेदी होते. पण कोष विकून जे मिळतं त्याच्या पुढचं काम, म्हणजे धागा काढणं, पीळ देणं, त्यातलं बरंचसं बाहेरच होतं. हे बसून करायचं काम आहे, वाकून करायचं नाही. गर्भपिशवी काढलेल्या, कंबर गेलेल्या बाईला जमण्यासारखं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगरहून रेल्वे एकदाची बीडपर्यंत आली. दोन-तीन पिढ्या जिची वाट पाहिली त्या गाडीत काय भरून पाठवायचं, हे ठरलेलं बरं, नाहीतर तीही माणसंच भरून नेईल.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट.

यंदा मुकादमानं टोळी अर्धी केली. वडिलांना आणि मायला घेतलं नाही. “काका, तुमचा कोयता आता रेटत नाही,” एवढंच म्हणाला, वर मागची बाकी काढून दाखवली. वडील रोज सकाळी चारला उठतात, सवयीनं, आणि ओट्यावर बसून राहतात. त्यांच्याकडं ग्रामपंचायतीनं दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आहे. ते मिळवताना सलग तीन वर्षं तोडीला गेल्याची अट होती. महामंडळाच्या योजना, नातवाला वसतिगृह, जे काही आहे ते त्या कार्डावर. ते नूतनीकरणाला घेऊन मी परवा ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भला माणूस आहे. त्यानं रजिस्टर उघडलं, पेन हातात धरलं आणि मलाच विचारलं, यंदा हे तोडीला गेलेलेच नाहीत, मग यांना ऊसतोड कामगार लिहू का नको?

मी त्याला सांगितलं, विचारून कळवतो. म्हणून हे पत्र.

कळावे,
आपला,
एक ट्रॅक्टर मेकॅनिक,
धारूर तालुका, जिल्हा बीड