सेरावाल्लेच्या गोलपोस्टमागे बस

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर सान मारिनोला जायचं चाललंय, डोंगरावरचे तीन बुरूज बघायला. बुरूज जरूर बघ. पण जायचंच तर २४ मार्च धरून जा. त्या रात्री खाली सेरावाल्लेच्या मैदानावर सान मारिनो आणि रुमानिया यांचा फुटबॉल विश्वचषक पात्रतेचा सामना आहे. "बाबा, तो कायम हरणारा संघ ना?" असं तू हसत विचारलंस. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

हरतात, खरं आहे. देशच ६१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराहूनही थोडा लहान. वस्ती तेहतीस-चौतीस हजार. एवढ्यातून अकरा जण उभे करायचे, तेही बहुतेक दिवसा नोकरी-धंदा किंवा शिक्षण सांभाळून सरावाला येणारे. १९९० साली पात्रता फेरीतल्या पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडने त्यांना ४-० असं हरवलं. पुढचं तुला ठाऊकच आहे.

पण तू राहतेस त्या इटलीतल्या बोलोन्यातच, १७ नोव्हेंबर १९९३ च्या रात्री, काय झालं ते कुणाला तरी विचार. समोर इंग्लंड होतं आणि त्यांना सात गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं. सामना सुरू होतो न होतो तोच इंग्लंडच्या स्टुअर्ट पिअर्सने आपल्या गोलकीपरकडे चेंडू मागे ढकलला. त्याला जोरच नव्हता. सान मारिनोचा दाविदे ग्वाल्तिएरी धावत मध्ये घुसला आणि गोल! ८.३ सेकंद. शेवटी ७-१ ने हरले, पण विश्वचषक पात्रतेतला सर्वांत जलद गोल म्हणून तो २०१६ पर्यंत टिकला.

मला मात्र खरं सांगायचंय ते त्यांच्या गोलकीपरबद्दल.

मी तालमीच्या संघात गोलपोस्टमध्ये उभा राहायचो, हे तू ऐकलंयस. शाहू स्टेडियमवर एका दुपारी मी सहा गोल खाल्ले, हे बहुधा सांगितलेलं नाही. चौथ्या गोलनंतर मागच्या लोकांचा गोंगाट एकसारखा ऐकू येईनासा होतो, एकेकाचा आवाज वेगळा कळायला लागतो. आणि जाळ्यात अडकलेला चेंडू आपल्यालाच वाकून काढावा लागतो. तेवढे दोन-तीन क्षण फार लांब असतात गं.

आल्दो सिमोन्चिनीने ६ सप्टेंबर २००६ रोजी सेरावाल्लेला, घरच्या लोकांसमोर, तो चेंडू तेरा वेळा काढला. जर्मनी १३, सान मारिनो ०. शेवटी जर्मनीला पेनल्टी मिळाली, तेव्हा त्यांचा गोलकीपर लेमान ती मारायला निघाला होता. सान मारिनोच्या पोरांना ते अपमानाचं वाटलं, आणि मग पेनल्टी दुसऱ्याने मारली. बारा गोल खाऊनही हे आम्ही चालवून घेणार नाही, असं त्यांना वाटलं. हे वाचलं तेव्हापासून हा संघ माझा झाला.

तोच आल्दो आठ वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०१४ ला, त्याच मैदानावर एस्टोनियासमोर उभा होता. त्याआधी संघ सलग ६१ सामने हरला होता. त्या रात्री एकही चेंडू आत गेला नाही. ०-०. त्याचा जुळा भाऊ दाविदे त्याच्या पुढे बचावाला होता. त्या रात्री दोघांच्या आईला काय वाटलं असेल, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

आणि गेल्या सप्टेंबरमधली हरतालिकेच्या आदली रात्र आठवते? तुझी आई पूजेची तयारी करून झोपली होती, मी स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन बसलो होतो. लिख्टेनश्टाइनशी सामना. दुसऱ्या डावात एकोणीस वर्षांच्या निको सेन्सोलीने गोल केला आणि शेवटपर्यंत १-० राहिलं. याआधी ते एकदाच जिंकले होते, एप्रिल २००४ मध्ये, लिख्टेनश्टाइनशीच, आन्दी सेल्वाच्या गोलवर. तेव्हा सेन्सोली जन्मलाही नव्हता. मी आईला उठवलं. ती म्हणाली, "जिंकले ना? मग झोपा आता." नोव्हेंबरमध्ये त्यांनी लिख्टेनश्टाइनला त्यांच्याच घरी, फाडुत्सला, एक गोल मागे पडून ३-१ असं हरवलं. परक्या मैदानावरचा तो त्यांचा पहिला विजय. त्यावर नेशन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, वरच्या गटात गेले.

रुमानिया भारी आहे. बहुतेक हरतीलच. तू सान मारिनोच्या गोलकीपरच्या मागच्या बाजूला जागा बघ, आणि गोल झालाच तर चेंडूकडे नको, त्याच्याकडे बघ. तो किती वेळ वाकून असतो, उठल्यावर पहिल्यांदा कुणाला हाक मारतो, ते मला सांग. हसू नकोस.

सामना संपायला रात्रीचे साडेदहा-अकरा वाजतील, त्यामुळे रात्रीच बोलोन्याला परतायची घाई करू नका. रिमिनीला मुक्काम करा, खोली आधीच ठरवून ठेवा. उघड्या मैदानात गार लागेल, आईने दिलेला लोकरीचा स्कार्फ गळ्यात असू दे. तुमच्या तिकिटांचे पैसे मी पाठवतो.

तुझा,
बाबा