टेस्ट पायलट होऊ पाहणाऱ्या मुलास

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेस्ट पायलटच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणार असल्याचे तू आईला सांगितलेस आणि मला सांगण्याचे काम तिच्यावर सोपवलेस, त्यावरून माझ्या उत्तराचा अंदाज तू आधीच बांधला होतास असे दिसते. तो अंदाज चुकला आहे. मी नाही म्हणणार नाही. पण बत्तीस वर्षे विमानांच्या तपासणीच्या कागदांवर सह्या केलेल्या माणसाला जे वाटते ते तू एकदा सलग वाचावेस म्हणून हे पत्र, कारण फोनवर 'हो बाबा, हो बाबा' करून तू विषय संपवतोस.

या कामाला छाती लागते असे लोक म्हणतात. छाती तर रिचर्ड बाँगजवळही होती. दुसऱ्या महायुद्धात 40 शत्रुविमाने पाडणारा हा अमेरिकेचा अव्वल वैमानिक 6 ऑगस्ट 1945 रोजी, म्हणजे हिरोशिमावर बाँब पडला त्याच दिवशी, कॅलिफोर्नियात पी-80 या नव्या जेट विमानाच्या चाचणी उड्डाणात मरण पावला. इंधनाचा मुख्य पंप उड्डाणानंतर लगेच बंद पडला. अशा वेळेसाठीच एक जादा विजेचा पंप बसवलेला होता, पण तो चालू केला गेला नाही. बाँग बाहेर पडला खरा, पण पॅराशूट उघडण्याइतकी उंची उरली नव्हती. याच जातीच्या विमानात आणि पंपाच्याच बिघाडाने ते बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीचा मुख्य टेस्ट पायलट मायलो बर्चम आदल्या वर्षी गेला होता. तो जादा पंप आला तो त्या अपघातानंतरच. कोरियाच्या युद्धात 16 विमाने पाडून परतलेला जोसेफ मकॉनेल 25 ऑगस्ट 1954 रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स या हवाई दलाच्या चाचणी तळावर एफ-86एच या लढाऊ विमानाची चाचणी घेताना गेला, तो नियंत्रणाच्या जोडणीतला एक बोल्ट जागेवर नसल्यामुळे. हा बोल्ट माझ्या खात्यातला आहे, म्हणून मी तो कधी विसरलो नाही.

त्या काळची जेट इंजिने मुळातच लहरी होती. थ्रॉटल पुढे केल्यावर जोर यायला कित्येक सेकंद लागत, आणि घाईने पुढे केला तर ज्योत विझे. पिस्टन इंजिनावर वाढलेल्या हातांना उतरताना नेमकी घाईचीच सवय असे.

मला सर्वांत चटका लावून गेला तो आयव्हन किंचेलो. 1956 मध्ये बेल एक्स-2 या रॉकेट विमानातून तो 1,26,200 फुटांवर गेला होता आणि पुढे एक्स-15 हे त्यानंतरचे रॉकेट विमान उडवण्यासाठी त्याची निवड झाली होती. 26 जुलै 1958 रोजी एफ-104 हे लढाऊ जेट घेऊन तो एडवर्ड्सवरून उडाला आणि थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले. एफ-104 चे आडवे शेपूट उभ्या शेपटीच्या अगदी टोकावर बसवलेले आहे. वेगात वर फेकला गेलेला वैमानिक त्यावर आदळेल, या भीतीने पहिल्या काही विमानांतली इजेक्शन सीट खालच्या दिशेने सुटणारी केली होती. चाळीस हजार फुटांवर हा विचार बिनचूक होता; धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर मात्र ती सीट माणसाला थेट जमिनीत घालणारी होती. किंचेलोने विमान उलटे केले, म्हणजे सीटचे 'खाली' आकाशाकडे होईल, आणि तो सुटला, पण उंची पुरली नाही. त्याचे वय तीस होते. पुढे या विमानांत वर सुटणारी सीट बसवली गेली. खाली सुटणाऱ्या सीटचा आराखडा ज्यांनी केला त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी एका धोक्याचा पूर्ण विचार केला होता आणि दुसऱ्याचा अर्धवट, आणि आमच्या धंद्यात हे मूर्खपणापेक्षा अधिक वेळा घडते.

इनर्शिया कपलिंगची गणिते तुला शिकवतीलच. आखूड पंख आणि लांब, जड धड असलेले विमान वेगात लोळण घेऊ लागले की धडाचे वजनच त्याला आडवे फिरवू पाहते आणि शेपटीला ते आवरत नाही. 12 ऑक्टोबर 1954 रोजी एफ-100 या लढाऊ विमानाच्या, सूर मारून खाली झेपावण्याच्या चाचणीत जॉर्ज वेल्श असा गेला, आणि त्यानंतर त्या विमानाची उभी शेपटी मोठी केली गेली. दोन वर्षांनी मेल ॲप्टने एक्स-2 मधल्या आपल्या पहिल्याच उड्डाणात ध्वनीच्या तिप्पट वेग ओलांडला, पण वेग पुरेसा उतरण्याआधीच वळण घेतले आणि तोही याच कपलिंगने गेला.

आता आपल्याकडचे. वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये बंगळुरात काढलेल्या कारखान्यातूनच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) झाली, आणि तिथे कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने मारुत या लढाऊ जेट विमानाचा आराखडा केला. जेट विमानाआधी त्याच मापाचे लाकडी ग्लायडर बनवून डाकोटा विमानाच्या मागे दोराने ओढत नेले गेले आणि आपल्या वैमानिकांनी ते वर सोडून खाली आणले. इतक्या शहाणपणाने केलेल्या चाचण्या मी थोड्याच ऐकल्या आहेत. 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी मारुतचे पहिले उड्डाण केले. दुखणे इंजिनाचे होते. ज्या जोराच्या इंजिनासाठी विमान आखले तो त्यात बसवलेल्या ऑर्फियस इंजिनाजवळ नव्हता, आणि जे हवे होते ते मिळेना. त्या शोधात आपला टेस्ट पायलट कपिल भार्गव, तसे इंजिन घडत होते त्या इजिप्तपर्यंत पोहोचला आणि 7 मार्च 1964 रोजी तिथले एचए-300 हे लढाऊ विमान पहिल्यांदा त्याने उडवले. शेवटी ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर, म्हणजे मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग, जोडण्याचे प्रयत्न झाले, आणि त्याच मारुतच्या चाचणीत 10 जानेवारी 1970 रोजी ग्रुप कॅप्टन दास उड्डाणानंतर लगेच कोसळून गेले.

तुझी निवड झाली तर बंगळुरात ओल्ड मद्रास रोडकडून जुन्या विमानतळाकडे जाताना तू सुरंजन दास रोडवरून जाशील. एडवर्ड्स तळाचे नावही 5 जून 1948 रोजी वायबी-49 या बाँबफेकी विमानात चार सहकाऱ्यांसह गेलेल्या ग्लेन एडवर्ड्सचेच आहे. रस्त्यांना आणि तळांना या रीतीने नावे पडणारा व्यवसाय तू निवडतो आहेस, हे तुझ्या आईला मी अजून सांगितलेले नाही.

माझे मागणे एवढेच. चाचणीच्या कार्डावर जो मुद्दा लिहिला असेल तो उडव, न लिहिलेला उडवू नकोस. आज हे विमान घेत नाही असे म्हणण्याची पाळी आली तर ते मोठ्याने म्हण, समोर कोणीही उभे असो. उतरल्यावर अहवालात स्वतःची चूक पहिल्या परिच्छेदात लिही, तिसऱ्या पानावर नको. अर्जाला वडिलांची संमती लागत नाही हे मला ठाऊक आहे. तरी खाली सही केली आहे, आणि जुन्या सवयीने, करण्यापूर्वी प्रत्येक ओळ पुन्हा वाचली आहे.

तुझा,
बाबा