बिझनेस पार्क हवेच, पण पुराच्या वाटेत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या सांगली फाट्यावर पुणे-बंगळूर महामार्गाला लागून बिझनेस पार्क व्हावे की नको, यावर सध्या आमच्या भागात चहाच्या टपरीपासून ग्रामपंचायतीच्या कट्ट्यापर्यंत वाद चालू आहे. याच पट्ट्यात, पंचगंगा नदीच्या अंगाला, माझी 22 गुंठे जमीन आहे. पार्क इथे आले तर तिचा भाव कुठल्या कुठे जाईल, हे मला कळते. तरीही ते इथे होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पार्कला माझा विरोध नाही, हे आधी सांगतो. थोरला मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, त्याला नऊ वर्षे झाली. रविवारी रात्री तावडे हॉटेलजवळ पुण्याच्या ट्रॅव्हल्स भरताना एकदा उभे राहून बघावे. पाठीला लॅपटॉपची सॅक, हातात आईने दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी, अशी पोरे-पोरी गाडीत चढत असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी आमच्या पिढीला पोटाला लावले, पण संगणकावर काम करणाऱ्या या पोरांना बसायला इथे पुरेशा जागा नाहीत. कोल्हापुरात 1891 ला रेल्वे आली आणि 1895 ला राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. आज रेल्वेच्या जागी महामार्ग आहे, त्याचा फायदा उठवायला हवा, हे पार्कवाल्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

अडचण जागेची आहे. माझ्या मळ्यातल्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर मी ऑइल पेंटने दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. खालची 2019 च्या ऑगस्टमधली, वरची 2021 च्या जुलैमधली. दोन्हींत वीतभर अंतर आहे. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला 43 फूट. या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढे गेले. 2019 ला महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता. कोल्हापुरात पेट्रोल मिळेना, दुधाचे संकलन थांबले, ट्रक जागच्या जागी उभे राहिले. दोन वर्षांनी पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर कुजलेल्या उसाचा वास महिनाभर गेला नव्हता. ज्या जागेला रस्ता हाच आधार आहे, तिथला रस्ताच ऐन वेळी पाण्याखाली जात असेल, तर कंपन्या कशाच्या भरवशावर येणार?

यावर उत्तर तयार असते: ‘जोते उंच घेऊ.’ नियमही तसाच आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच घेतले तर बांधकामाला परवानगी मिळू शकते. म्हणजे इमारत वाचते. पण उंची वाढवायची तर भराव आला. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यावर आठ फूट भराव टाकला की सुमारे साडेतीन लाख घनफूट, म्हणजे जवळपास 1 कोटी लिटर पाण्याची जागा गेली. पार्क पंधरा एकरांचे धरले, तर 15 कोटी लिटर. हे पाणी शेजारच्या मळ्यांत शिरणार, खाली वळिवडे-चिंचवाडकडे पसरणार आणि वर चिखली-आंबेवाडीकडे फुगवटा वाढवणार. महामार्गाच्या भरावाने पाणी तुंबते, म्हणून इथे भराव काढून पिलरचा पूल करा, अशी मागणी लोक करत आले आहेत. एकीकडे ती मागणी करायची आणि त्याच्याच शेजारी नवा भराव घालायचा, हे मनाला पटत नाही. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आज जयंती नाल्याचे पाणी घरात येते. पाण्याची वाट अडवली की काय होते, हे बघायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

शेजारचे आण्णा मला म्हणाले, “पाणी येतंय कधीतरी, पोराचा पगार दर महिन्याला येतोय.” त्यांची तळमळ मी समजतो, त्यांचाही मुलगा बाहेरच आहे. पण कधीतरी म्हणजे किती? 2005 च्या महापुरानंतर चौदा वर्षे गेली, मग दोनच. 2024 लाही नदीने धोका पातळी ओलांडलीच.

वाहतुकीचे वेगळे सांगायला नको. गळिताच्या हंगामात संध्याकाळी सहाला फाट्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या, एमआयडीसीची सुटलेली पाळी, सांगलीची एसटी आणि वडापच्या (खासगी प्रवासी) गाड्या एकत्र येतात, तेव्हा सेवा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

मग पार्क कुठे करायचे? याच महामार्गावर पाच-सात मैल दक्षिणेला उजळाईवाडी-गोकुळ शिरगावचा माळ आहे. तिथे पंचगंगेचे पाणी चढत नाही. विमानतळ शेजारी आहे, शिवाजी विद्यापीठ जवळ आहे आणि पुरातही शहरातून शाहू नाक्यामार्गे तिथे जाता येते. जमीन महाग पडेल, मोठी सलग जागा मिळवायला वेळ लागेल, हे मान्य. त्यासाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाने आणि एमआयडीसीने एकत्र बसावे. 2017 ला 42 गावांसाठी नेमलेल्या प्राधिकरणाने करायचे काम हेच आहे.

आणि इथेच करायचे ठरत असेल, तर आधी ग्रामसभेत गट नंबरांसकट नकाशा लावावा. त्यावर दोन्ही पूररेषा ठळक दाखवाव्यात, भराव किती फूट पडणार आणि तेवढे पाणी कुठे जाणार हे जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांनी लोकांसमोर उभे राहून सांगावे. मोजणीला येणाऱ्यांना मी माझ्या मोटारीच्या खोलीची किल्ली द्यायला तयार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
पुलाची शिरोली, ता. हातकणंगले