साल्कांताय ट्रेक : निघण्यापूर्वी वाचा

पेरूला येणाऱ्या सर्व सभासदांसाठी. कुस्को विमानतळच सुमारे ३,३०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. त्यामुळे उतरल्या दिवशी तिथे न भटकता थेट ओयांताइताम्बोला (सुमारे २,८०० मीटर) मुक्कामाला जायचं, मग हळूहळू वर. साल्कांतायची खिंड ४,६०० मीटरच्या पुढे आहे. सह्याद्रीत कमावलेला दम विरळ हवेत पुरत नाही, हे तरुण मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावं. डोकेदुखी, मळमळ लपवू नका. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय. डायमॉक्स (उंचीच्या त्रासासाठीची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असल्यास त्यांना आधी सांगा. विम्यात उंचीची मर्यादा आहे का, तेही तपासा. कोकाच्या पानांचा चहा तिथे खुशाल प्या, पानं मात्र भारतात आणू नका.