नाशिकच्या वॉटरपोलोपटूंना खोल पाणी हवे : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नाशिकमधील कुमार वॉटरपोलोपटूंना पुरेशा खोलीचा तलाव व सरावाची राखीव वेळ मिळण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

नाशिकमधील शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना मी वॉटरपोलोचे प्रशिक्षण देतो. आमचा यंदाचा हंगाम नुकताच संपला. खेळाडूंच्या मेहनतीत काही उणे नव्हते. उणीव भासली ती पाण्याच्या खोलीची आणि त्या पाण्यात उतरायला मिळणाऱ्या वेळेची. या दोन्ही गोष्टी प्रशिक्षकाच्या हातात नाहीत, त्या शासनाच्या हातात आहेत, म्हणून आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

हा खेळ आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळतो, त्यामुळे थोडा तपशील सांगणे आवश्यक आहे. पाण्यात पोहत चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये टाकण्याचा हा खेळ आहे. प्रत्येक संघाचे सात जण पाण्यात असतात. गोलरक्षकाचा अपवाद सोडला तर कोणालाही तळाला पाय टेकून खेळता येत नाही आणि चेंडू एका वेळी एकाच हाताने हाताळावा लागतो. प्रतिस्पर्धी अंगावर रेटत असताना, केवळ पायांच्या जोरावर छाती पाण्याबाहेर काढून चेंडू फेकावा लागतो. त्यासाठी दोन्ही पाय गुडघ्यापासून आळीपाळीने गोल फिरवत राहण्याची जी पद्धत आहे, जिला आम्ही 'एगबीटर' म्हणतो, ती अंगवळणी पडायला महिनोन्‌महिने लागतात आणि ती फक्त खोल पाण्यातच शिकता येते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाच्या क्षेत्राची खोली किमान १.८ मीटर असावी असे सांगितले आहे.

आम्ही सराव करतो त्या सार्वजनिक तलावाची एक बाजू जेमतेम चार फूट खोल आहे. पोहायला शिकणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे आणि त्यांची गैरसोय व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु त्या बाजूला बचाव करणारा मुलगा दमला की त्याचे पाय आपोआप तळाला टेकतात, आणि नकळत लागलेली ही सवय मोडणे नव्याने शिकवण्यापेक्षा अवघड जाते. हे टाळण्यासाठी आम्ही हंगामाचा बराचसा सराव खोल भागातच, अर्ध्या मैदानावर केला. त्याचा परिणाम स्पर्धेत स्पष्ट दिसला. समोर मांडून केलेल्या हल्ल्यात आमची मुले कोणालाही भारी पडत होती. मात्र चेंडू हातातून गेला आणि उलट दिशेने जीव तोडून पोहत परतायची वेळ आली की प्रतिस्पर्धी संघ पुढे निघून जात असे. प्रतिहल्ला अडवण्याचा सराव पूर्ण लांबीच्या खोल पाण्याशिवाय करताच येत नाही, आणि तो आम्हाला करता आला नाही.

वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. एप्रिल-मे महिन्यांत मुलांना सुट्टी असते आणि नेमक्या त्याच काळात उन्हाळी वर्गांच्या गर्दीमुळे तलावात चेंडू टाकायलाही जागा उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत तलाव रिकामा असतो, पण नाशिकची थंडी आपणास ठाऊक आहे. या खेळासाठी पाण्याचे तापमान साधारण २६ अंश असावे लागते. न तापवलेल्या पाण्यात चौदा वर्षांच्या मुलांना तासभर ठेवणे मला धोक्याचे वाटले, म्हणून त्या काळात बहुतेक सराव काठावरच घ्यावा लागला. मुलींची अडचण वेगळीच आहे. महिलांसाठी राखलेल्या वेळेत सर्वसाधारण पोहणाऱ्या महिला असतात, त्यामुळे सात विरुद्ध सात असा पूर्ण सामना मुलींना सरावात क्वचितच खेळायला मिळाला. त्यांच्यापैकी काही जणी सातपूर आणि नाशिकरोडहून पहाटे अंधारात निघतात, आणि पालक त्यांना पाठवतात, याचे मोल शासनाने जाणावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हा खेळ भारताला परका नाही. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताचा वॉटरपोलो संघ खेळला होता, १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आपण सुवर्णपदक जिंकले होते आणि १९८२ साली कांस्यपदक. पाण्यावरच्या खेळांत नाशिक जिल्ह्यानेही मोठे नाव मिळवले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात उतरले. त्यांच्या हाती वल्हे आले ते सैन्यात गेल्यानंतर. जिल्ह्यात गुण आहे आणि संधी मात्र जिल्ह्याबाहेर, ही स्थिती आमच्या मुलांच्या बाबतीतही चालू आहे. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण या योजना चांगल्या आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट राज्य पातळीवरच्या स्पर्धांतून जाते आणि त्या स्पर्धा खोल पाण्यात होतात.

आपल्याकडे माझे मागणे मर्यादित आहे. जिल्ह्यात शासनाच्या निधीतून नवा तलाव बांधला जाईल किंवा जुन्याची दुरुस्ती होईल, तेव्हा किमान एका तलावात २५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद क्षेत्र सर्वत्र दोन मीटर खोल ठेवावे आणि हिवाळ्यात पाणी तापवण्याची सोय करावी. ते होईपर्यंत उपलब्ध तलावांपैकी ज्याचा खोल भाग सर्वांत मोठा आहे, तेथे वर्षभर आठवड्यातून चार दिवस दीड तास वॉटरपोलोसाठी राखून ठेवावा, आणि त्यात मुलींच्या संघाची वेळ स्वतंत्र असावी. या दुसऱ्या मागणीला निधी जवळजवळ लागतच नाही. तलाव चालवणाऱ्या यंत्रणांशी आपल्या विभागाने समन्वय साधला तरी ती पूर्ण होऊ शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या विचारार्थ मांडतो. २०२७ मध्ये गोदाकाठी सिंहस्थाची पर्वस्नाने होतील आणि प्रशिक्षित जीवरक्षकांची मोठी गरज भासेल. हात वर धरून, दुसऱ्याचा भार सोसत दीर्घकाळ पाण्यात टिकून राहणे हे आमच्या खेळाडूंचे रोजचे काम आहे. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या माजी खेळाडूंना जीवरक्षणाचे रीतसर प्रशिक्षण देण्याची व्यवस्था झाल्यास ते आनंदाने पुढे येतील.

पुढील हंगामाचा सराव शाळा सुरू होताच, जूनमध्ये सुरू होईल. त्यापूर्वी सरावाच्या वेळेबाबत निर्णय व्हावा आणि शक्य झाल्यास आपण स्वतः एका सकाळी आमचा सराव पाहण्यास यावे, ही विनंती.

आपला नम्र,
नाशिकमधील एक वॉटरपोलो प्रशिक्षक